तारण

वणीच्या देवीची मान किंचित कललेली आहे. पहिल्यांदा गडावर जाणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही. अठरा हात, त्यांतली आयुधं, अंगावरचं लुगडं, पुजाऱ्याची घाई आणि मागून रेटणारी रांग. दर्शन म्हणून जे दोन-तीन सेकंद हाती लागतात त्यांत मानेकडे कोण बघतं? पण नांदुरीहून वर चढणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगत बसलेत, आई ते ऐकते आहे, म्हणून मान तशी, असं ती सांगेल. समोर डोंगर आहे, त्याचं नावही मार्कंड्याच आहे, आणि मधे चांगली खोल दरी आहे. एवढ्या लांबून ऐकायचं तर कान द्यावाच लागणार.

येशू ख्रिस्त, पाप, मुक्ती आणि हे सगळं नाकारणारे लोक यांच्या वादाचं प्रकरण मी देवीच्या गडावरून का सुरू करतो आहे, असं वाटेल. कारण साधं आहे. या विषयावर महाराष्ट्रात जो सगळ्यांत गाजलेला जाहीर वाद झाला, त्यातला एक पक्ष याच डोंगरातून खाली उतरला होता.

विष्णू भिकाजी गोखले हे त्याचं नाव. जन्म १८२५ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या शिरवलीचा. वडील लहानपणीच गेले, घरची गरिबी. आधी दुकानात राबणं, मग सरकारी कस्टम खात्यात नोकरी. त्या काळात एखाद्या कोकणस्थ पोराला अशी नोकरी लागली की घरादाराने सुटकेचा श्वास टाकावा आणि पोराने पेन्शनपर्यंत हलू नये. या पोराला मात्र भलताच घोर लागलेला. साधू पाहिले, शास्त्री पाहिले. कुणाकडूनही मनाचं समाधान होईना. वयाच्या तेविशीच्या आसपास त्याने नोकरी सोडली आणि सप्तशृंगीच्या डोंगरात तप करायला गेला. तेव्हा घाटरस्ता नव्हता, आताची ट्रॉली तर २०१८ ची. रात्री देवळात वाघ येतो म्हणून वर कोणी मुक्काम करत नाही, असं परवापरवापर्यंत सांगत. तिथे आपल्याला साक्षात्कार झाला, वेदोक्त धर्म लोकांना सांगण्याची आज्ञा झाली, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलं. डोंगर उतरला तो विष्णुबुवा ब्रह्मचारी होऊन. गावोगाव प्रवचनं करत बुवा १८५६ मध्ये मुंबईला पोचले.

बुवा गडावर होते त्याच सुमारास, १८४८ च्या जानेवारीत, मुंबई बंदरात एक अमेरिकन उतरला. जॉर्ज बोवेन. जन्म १८१६, अमेरिकेच्या व्हरमाँट संस्थानातला. मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंगला, पंखा ओढणारा गडी आणि मेमसाहेब येते. बोवेनकडे यातलं काही नव्हतं. मिशनचा पगारही त्यांनी सोडून दिला आणि मुंबईच्या बाजारवस्तीत साध्या खोलीत जवळजवळ चाळीस वर्षं काढली. मराठी शिकले, रस्त्यात उभं राहून उपदेश केला, 'बॉम्बे गार्डियन' हे पत्र चालवलं. १८८८ मध्ये मुंबईतच वारले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने बोवेन यांच्या चरित्रातली गंमत वेगळी आहे. हा माणूस ऐन तारुण्यात दहा-अकरा वर्षं नास्तिक होता. गिबनचा इतिहास वाचून त्यांचा बायबलवरचा विश्वास उडाला, आणि तो उडाल्याचं त्यांना फारसं दुःखही नव्हतं. १८४४ मध्ये त्यांचं जिच्यावर प्रेम होतं ती एमा मॉरिस आजारी पडून गेली. जाताना आपलं बायबल त्यांच्यासाठी ठेवून गेली. रोज वाच एवढीच तिची इच्छा. ते वाचू लागले, निव्वळ शब्द पाळायचा म्हणून. वाचता वाचता पुन्हा विश्वासाकडे वळले आणि चार वर्षांत मुंबईच्या धक्क्यावर हजर झाले.

म्हणजे पुढे समुद्रकिनाऱ्यावरच्या वादात जे दोन गडी समोरासमोर आले, त्यांतल्या एकाकडे डोंगरात ऐकलेली आज्ञा होती आणि दुसऱ्याकडे मेलेल्या मुलीचं पुस्तक.

वाद सुरू झाला १५ जानेवारी १८५७ ला, गुरुवारी. त्यानंतर गुरुवारी संध्याकाळी गिरगावच्या बाजूच्या किनाऱ्यावर लोक जमत. एका बाजूला बुवा, दुसऱ्या बाजूला बोवेन आणि इतर मिशनरी, भोवती वाळूत ऐकणारे. देवाचं स्वरूप काय, पाप कशाला म्हणायचं, देव अवतार घेतो का आणि कितीदा घेतो, कुठलं शास्त्र प्रमाण आणि ते प्रमाण कुणी ठरवलं, हे विषय. अशा वादांची मुंबईला सवय होती. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांची अशीच जुंपली होती, त्यातून दोन्हीकडून पुस्तकं निघाली. पण ते शास्त्र्यांचं आणि पाद्र्यांचं काम होतं. वाळूतला वाद कोणीही येऊन ऐकावा असा होता. कारकून येत, दुकानदार येत, फिरायला निघालेला माणूस दहा मिनिटं थांबे आणि दिवेलागणीला घरी जाई. त्यांच्यातला कोण काय घेऊन घरी गेला याची नोंद कुणी ठेवली नाही. मला तीच वाचायला आवडली असती.

मेरठला १० मे रोजी उठाव झाला. २८ मे हा वादाचा शेवटचा गुरुवार ठरला. बोवेन यांनी आपली टिपणं त्याच वर्षी इंग्रजीत छापली. मराठीत 'समुद्रकिनारीचा वादविवाद' १८७२ मध्ये निघालं, तेव्हा बुवांना जाऊन वर्ष झालं होतं. बुवा ख्रिस्ती झाले नाहीत, बोवेन हिंदू झाले नाहीत.

आता वादाचा गाभा. त्यासाठी समुद्र सोडून एस.टी.त बसायला हवं.

नाशिकहून दिंडोरीमार्गे वणीला जाणाऱ्या गाडीत ऐकलेलं बोलणं आहे. खिडकीशी एक बाई, मांडीवर पिशवी, पिशवीत छोट्या पुस्तिका. शेजारी पन्नाशीचा शेतकरी, टोपी गुडघ्यावर. दिंडोरी मागे पडल्यावर बाईंनी विचारलं, "दादा, तुमचं तारण झालंय का?"

दादा क्षणभरही अडले नाहीत. "झालंय ना ताई. सोसायटीत. दोन एकर बाग तारण आहे."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. बाईही हसल्या, पण सोडलं नाही. "त्याच बोजाचं सांगते दादा. तुमच्या सातबाऱ्यावरचा नाही, जिवावरचा. तो उतरवणारा एकजण आहे."

"फुकट?"

"फुकट."

"म्हणजे कर्जमाफी," दादा म्हणाले, आणि मग थोडा विचार करून, "पण ताई, मी हप्ते वेळेवर भरतो. माझं काय?"

पुढे वणीचा स्टँड आला. दादांच्या प्रश्नाला बाईंनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. पण दोन हजार वर्षांचं ख्रिस्ती धर्मशास्त्र आणि त्यावरचे बहुतेक आक्षेप तेवढ्या प्रवासात येऊन गेले होते.

मराठी ख्रिस्ती मंडळींनी मुक्तीसाठी 'तारण' हा शब्द रुळवला. तारणारा, तारणप्राप्ती, तारण झालेला माणूस. मूळ अर्थ तरून जाणं, पैलतीर गाठणं. पण बाजारात त्याच शब्दाचा दुसरा संसार चालू आहे: सोनं तारण, माल तारण, तारण कर्ज. तिथे तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू, सावकाराला दिलेली हमी. मराठी बायबलात येशूने पुष्कळांसाठी जीव दिला तो 'खंडणी' म्हणून. आज पेपरात खंडणी हा शब्द कोणत्या पानावर येतो ते सांगायला नको. आपल्याकडच्या जुन्या 'उद्धार' शब्दाचीही तीच गत. सात पिढ्यांचा उद्धार भांडणात होतो. तेव्हा हसू नये. धर्म सगळीकडे सावकाराच्या पेढीवरचेच शब्द उचलतो, कारण देणं लागणं ही भावना माणसाला तिथे सगळ्यांत स्पष्ट कळते. ऋण हा शब्द तर आपण देव, ऋषी आणि पितर तिघांसाठीही वापरतोच.

ख्रिस्ती मांडणी थोडक्यात अशी. माणूस देवाचं देणं लागतो आणि ते फेडणं त्याच्या ऐपतीबाहेरचं आहे. पाप इतकं मुरलेलं की पुण्याचे हप्ते व्याजालाही पुरत नाहीत. देव न्यायी आहे, म्हणून देणं सोडून देत नाही. दयाळू आहे, म्हणून ऋणको बुडावा असंही त्याला वाटत नाही. मग तो स्वतःच माणूस होऊन येतो आणि फेडून मोकळा करतो. अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्म या धर्मपंडिताने हा हिशेब अगदी रीतसर मांडला. वर जे चाललं आहे ते त्याच हिशेबाचं बाजारभाषेतलं रूप.

यावरचा पहिला आक्षेप आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे: करावं तसं भरावं. एकाने खाल्लं तर दुसऱ्याचं पोट भरत नाही, मग एकाच्या मरणाने दुसऱ्याचं पाप कसं फिटेल? कर्माचा सिद्धान्त मानणाऱ्या हिंदू पंडिताला हे सुचणं साहजिकच. पण नेमका हाच आक्षेप पश्चिमेतून, अगदी उलट्या टोकाहूनही आला होता. टॉमस पेनचं 'द एज ऑफ रीझन' १७९४ पासून छापलं जाऊ लागलं. त्यात त्याने म्हटलं आहे त्याचा मतितार्थ असा: माझ्या अंगावर पैशाचं कर्ज असेल तर ते दुसरा कोणी फेडू शकेल, पण मी गुन्हा केला असेल तर निरपराध माणसाला शिक्षा देऊन न्याय होत नाही, तो आणखी एक अन्याय होतो. जामीनदार पैसे भरतो, त्याला कोणी फाशी देत नाही. पेन स्वतः नास्तिक नव्हता. एक देव तो मानायचा, कुठलंच शास्त्र मानत नव्हता. पण पुढच्या सगळ्या नास्तिकांच्या भात्यात हा बाण त्याचाच. हिंदुस्थानात हे पुस्तक लवकर पोचलं. १८३० च्या दशकात कलकत्त्याच्या कॉलेजातली पोरं ते हातोहात विकत घेतात म्हणून मिशनरी डफ हैराण झाले होते. बोटीतून बायबल आलं, त्याच वाटेने त्याचं खंडनही आलं.

विश्वासी माणसाचं याला उत्तर काय? चांगला विश्वासी असेल तर तो कोर्टातून उठून घरात जातो. म्हणतो, हा न्यायाधीश आणि गुन्हेगाराचा मामला नव्हेच. बाप आणि पोराचा आहे. पोराने वाटणी उडवली, भिकेला लागून परत आला, आणि बाप त्याला वहीखातं दाखवत नाही, वासरू कापायला सांगतो. लूकच्या शुभवर्तमानातली ही गोष्ट. तिच्यात थोरला भाऊही आहे, हे बहुतेकजण विसरतात. तो दिवसभर शेतात राबून आलेला, वाजंत्री ऐकून अंगणात उभा राहिलेला, आणि आत यायला तयार नाही. एस.टी.तले दादा म्हणजे हा थोरला.

दुसरी गोष्ट मत्तयच्या शुभवर्तमानातली, आणि ती वणी-दिंडोरीकडे सांगावी अशीच, कारण ती द्राक्षमळ्याची आहे. मालक पहाटे मजूर लावतो, रोज ठरवतो. पुन्हा नऊला काही लावतो, दुपारी काही, आणि संध्याकाळी पाचला नाक्यावर रिकामे उभे असलेलेही घेतो. दिवस मावळल्यावर सगळ्यांच्या हातावर सारखाच रोज ठेवतो. पहाटेपासून उन्हात असलेले कुरकुरतात. मालक म्हणतो, तुमचं ठरलेलं दिलं, बाकीच्यांना काय द्यायचं ती माझी मर्जी. पेठ-सुरगाण्याकडून छाटणीला आलेल्या टोळीसमोर एखाद्या बागायतदाराने हा प्रयोग करून पाहावा. दुसऱ्या दिवशी पाचच्या आत बागेत कोणी फिरकणार नाही.

थट्टा बाजूला ठेवली तरी प्रश्न राहतो, आणि तो खरा आहे. माफीने नियमित भरणाऱ्याचं मन खट्टू होतं. महाराष्ट्र सरकारने २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची कर्जमुक्ती जाहीर केली तेव्हा नियमित फेडणाऱ्यांसाठी पन्नास हजारांपर्यंतचं प्रोत्साहनपर अनुदान जोडावं लागलं, ते याचसाठी. देवाच्या योजनेत असं अनुदान नाही, असं शुभवर्तमान सांगतं. त्या सरकारी योजनेला नाव महात्मा जोतिराव फुल्यांचं आहे, हाही योगायोग पाहण्यासारखा. फुले मिशनरी शाळेत शिकले, पेनचे 'मानवी हक्क' त्यांनी विशीत वाचले, येशूबद्दल आदराने लिहिलं, आणि बाप्तिस्मा मात्र घेतला नाही. त्यांचा निर्मीक, म्हणजे सृष्टिकर्ता, कुणाकडून खंडणी मागत नाही आणि मध्यस्थही नेमत नाही. १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात हा हिशेब दलालाविना मांडला आहे.

दुसरा मोठा आक्षेप: ज्याने येशूचं नावच ऐकलं नाही त्याचं काय? गडाच्या पायथ्याशी जन्मली, तिथेच मेली, अशा बाईला कायमच्या नरकात टाकणारा देव न्यायी कसा? इथे विश्वासी पक्षाची अडचण होते, आणि प्रामाणिक असतील ते ती कबूल करतात. काही पंथांचं उत्तर कडक आहे: म्हणून तर आम्ही एवढ्या लांब सांगायला येतो. कॅथलिक चर्चने १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत अधिकृतपणे म्हटलं की ज्यांना स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्त कळला नाही पण जे मनःपूर्वक देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. नास्तिक यावर लगेच विचारतो, मग न कळलेलंच बरं नव्हतं का? सांगायला येऊन तुम्ही जोखीम वाढवली. हा प्रश्न कोटीसारखा दिसतो, पण याचं समाधान होईल असं उत्तर मी तरी वाचलेलं नाही.

आता वाळूतल्या वादाकडे पुन्हा बघू. बुवांच्या काळातले हिंदू पंडित बायबलला जे प्रश्न विचारत (कुमारीला पुत्र कसा, मेलेला उठला कसा, सर्वशक्तिमान देवाला मरावं का लागलं) ते थेट बुद्धिवाद्याचे प्रश्न. मिशनरी पुराणांना जे प्रश्न विचारत (देव चोरी कशी करतो, देवांची भांडणं कशी होतात, दगडात तो कसा मावतो) तेही बुद्धिवाद्याचेच. दोघांच्या हातात एकच हत्यार, आणि ते दोघांनीही फक्त समोरच्या अंगणात चालवलं. बुवांच्या डोंगरातल्या आज्ञेला कोणी पुरावा मागितला असता तर ते म्हणाले असते, मी ऐकली. एमाच्या पुस्तकातून बोलणारा देवच कशावरून, असं विचारलं असतं तर बोवेन म्हणाले असते, मला कळलं. कान देणाऱ्यालाच ते ऐकू येतं; बाकीच्यांना समोर नुसता डोंगर दिसतो.

हे हत्यार दोन्ही अंगणांत फिरवणारा तिसरा माणूस मराठीत यायला तीसेक वर्षं लागली. त्याआधी मुंबईच्या परमहंस मंडळीने थोडी वाट काढली होती. १८४९ पासून ते लोक गुपचूप जमत आणि जात मोडल्याची खूण म्हणून पाव खात. एका पावाने धर्म बुडायचा, एवढा तो धर्म पातळ झाला होता असं म्हणावं, की एक पाव खायला केवढं धैर्य लागायचं असं म्हणावं? मंडळीतले बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. बाकीचे बहुतेक पाव पचवून घरी गेले. उघडपणे, दिवसाउजेडी, स्वतःच्या नावानिशी 'मला देवाची गरज वाटत नाही' या जागी येऊन उभा राहिला तो गोपाळ गणेश आगरकर, 'सुधारक' पत्रात, १८८८ पासून. मिल आणि स्पेन्सर वाचलेला माणूस. देवतांची कल्पना माणसाच्या मनात कशी उपजली असेल याची तो एखाद्या वनस्पतीसारखी तपासणी करतो. त्याच्या लेखी तारणाचा प्रश्न उद्भवतच नाही. कर्जच घेतलेलं नाही. सावकार कोण, वही कुठे, सही कुणाची? १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या पेटवल्या होत्या. आगरकरांनी ती वही कधी लिहिलीच गेली नव्हती असं सांगितलं. हे जास्त जहाल, आणि पुण्याने त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढून याची पावती दिली.

१८९५ हे साल या सगळ्या गोष्टीत एका ओळीत उभं आहे. त्या वर्षी १० फेब्रुवारीला मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. १७ जूनला आगरकर वारले. ऑक्टोबरअखेर नीलकंठशास्त्री गोरे, ख्रिस्ती झाल्यावरचे नेहेम्या गोरे, मुंबईत वारले. तेही १८२५ चेच, बुवांच्याच वयाचे. षड्दर्शनं खोडून काढण्यात आयुष्य घालवलेले, आणि ज्यांच्या तर्काचा परिणाम पंडिता रमाबाईंवर झाला ते. तर्काने धर्मांतर झालेला माणूस बघायचा तर गोरे. टिळक मात्र तसे नव्हते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील असं भाकीत करून टाकलं. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने टिळक धरले गेले. पुढे ते म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हे वाक्य नीट ऐकलं तर तारणाचा अर्धा वाद विरघळतो. करावं तसं भरावं हे एकट्या शास्त्राचं म्हणणं. वारकऱ्याला माहीत असतं की आपल्या करणीने काही व्हायचं नाही, धावून यायचं ते विठ्ठलानेच. कृपा हा माल टिळकांना परदेशातून आणावा लागला नाही, घरातच होता.

त्यांच्या घरात दुसऱ्या बाजूला लक्ष्मीबाई होत्या. नाशिकजवळच्या जलालपूरच्या. वडील इतके सोवळे की मीठसुद्धा धुवून घेत. मीठ धुतल्यावर हातात काय उरतं हे स्वयंपाकघरातल्या कोणालाही विचारा. आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली, त्यानंतर वडिलांना ही सोवळ्याची बाधा झाली असं त्या 'स्मृतिचित्रे'त सांगतात. बोवेन आणि बुवा किनाऱ्यावर देवाच्या न्यायाची चर्चा करत होते त्याच सालचं हे दुसरं फळ. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा लक्ष्मीबाईंनी वाद घातला नाही, आकांत केला. जवळजवळ पाच वर्षं हे जोडपं वेगळ्या धर्मांत होतं. १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या, आणि कशाने झाल्या हे बघण्यासारखं आहे. त्रैक्याच्या सिद्धान्ताने नव्हे, पुनरुत्थानाच्या पुराव्याने नव्हे. जात देवाने केलेली नाही, ती माणसाने केली, एवढं एक त्यांच्या मनाला पटलं. आधी कोणाच्याही हातचं पाणी चालू लागलं, मग बाकीचं आपोआप सैल झालं. आगरकरांनाही हेच पटलं होतं. तिथून एकाची वाट देवाबाहेर गेली आणि एकीची चर्चमध्ये.

पट्टीचा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना हे आवडत नाही. नास्तिकाला वाटतं, विसंगती दाखवली की विश्वास गळून पडेल. विश्वासी माणसाला वाटतं, पुरावा दाखवला की विश्वास बसेल. मला भेटलेल्यांत, वाचलेल्यांत, वादाच्या सभेत बदललेला माणूस फार क्वचित आहे. प्रेयसी जाते, जात टोचते, आगगाडीत पुस्तक मिळतं. मुद्दे मागाहून गोळा होतात. तरी वाद निरुपयोगी म्हणवत नाही. तो ऐकणाऱ्यांसाठी असतो. वाळूत उभ्या राहिलेल्या कारकुनाला पहिल्यांदाच कळलं की धर्मावर प्रश्न विचारता येतात आणि विचारणाऱ्यावर वीज पडत नाही.

वीज नाही पडत, पण हल्ली गुन्हा दाखल होतो. २०१२ मध्ये मुंबईत इर्ल्याच्या चर्चजवळ क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते तीर्थ म्हणून बाटल्यांत भरून नेऊ लागले. बुद्धिवादी सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिलं आणि सांगितलं की जवळच्या सांडपाण्याची ओल केशाकर्षणाने भिंतीतून चढते आहे, दुसरं काही नाही. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, आणि ते फिनलंडला निघून गेले ते गेलेच. बोवेन असते तर या प्रकाराला काय म्हणाले असते? ते गिबन वाचलेले होते. नळदुरुस्तीवाला बोलवा म्हणाले असते, असं मला वाटतं. आणि मग म्हणाले असते, आता खऱ्या विषयाकडे वळू.

खऱ्या विषयातला एक धागा सोडवायचा राहिला: नास्तिकाने वही नाकारली, पण देणं लागण्याची भावना जाते का? आपण कोणाला तरी दुखावलं आहे आणि तो माणूस आता हयात नाही, हे रात्री उशीवर आठवतं तेव्हा ते कोणत्या खात्यावर टाकायचं? विश्वासी माणूस म्हणतो, टाकायला जागा आहे. नास्तिक म्हणतो, जागा नाही. बाळग, आणि उद्या निदान दुसऱ्याला दुखवू नकोस. पहिल्यात दिलासा आहे, दुसऱ्यात कणखरपणा आहे. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण पहिलं म्हणणाऱ्या माणसाला मी मूर्ख समजत नाही. एस.टी.तल्या बाई मूर्ख नव्हत्या.

आगरकर गेले तेव्हा उणेपुरे एकोणचाळीस वर्षांचे होते. दम्याने पोखरलेले, पगार बेताचा, वर देव न मानण्याची किंमत. त्यांच्याबद्दल एक हकिकत पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यांच्या मृत्यूनंतर उशाशी एक पुडी सापडली. आत थोडे रुपये होते, आणि ते कशासाठी हे लिहिलं होतं: आपल्या प्रेताच्या दहनासाठी.